१९४७ चे ब्रुकलिन डॉजर्स: बेसबॉलचा एक जुना हंगाम सुरुवातीपासून कसा वाचावा

बेसबॉलच्या इतिहासात शिरायचं म्हटलं की बहुतेक जण विक्रमांच्या याद्यांपासून सुरुवात करतात. दहा-वीस नावं पाठ होतात, चार आकडे लक्षात राहतात आणि महिन्याभरात उत्साह मावळतो. त्यापेक्षा एक संघ आणि एक वर्ष निवडा. ते वर्ष एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तारखांच्या क्रमाने वाचत जा. पुढे काय झालं ते माहीत असलं तरी मध्येच उडी मारू नका. एवढी शिस्त पाळली तर खेळही समजतो आणि त्या काळची माणसंही.

नवशिक्यासाठी मी नेहमी १९४७ चा ब्रुकलिन डॉजर्स हा न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनचा संघ सुचवतो. जॅकी रॉबिन्सन त्याच वर्षी आला. १८८० च्या दशकानंतर मेजर लीगच्या मैदानावर उतरलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पण तेवढ्यासाठीच नाही. या एका हंगामात मॅनेजरचं निलंबन आहे, बंडाच्या बातम्या आहेत, भिंतीवर आदळलेला क्षेत्ररक्षक आहे आणि शेवटी सात सामन्यांची वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, आहे. शिवाय जवळजवळ प्रत्येक दिवसाची नोंद आज घरबसल्या वाचता येते. तुम्हाला क्रिकेट चांगलं कळतं आणि बेसबॉल जेमतेम, असं धरून पुढचं लिहितो.

आधी हंगामाचा सांगाडा समजून घ्या

तेव्हा मेजर लीग म्हणजे दोन लीग, प्रत्येकीत आठ संघ. डॉजर्स नॅशनल लीगमध्ये होते. बाकीचे सात संघ न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग, सिनसिनाटी, शिकागो आणि सेंट लुईसचे. प्रत्येकाशी २२ सामने, ११ घरी आणि ११ बाहेर; सात बावीसे एकशे चोपन्न. प्रवास मुख्यतः रेल्वेचा, आणि सगळ्यांत पश्चिमेचं शहर सेंट लुईस. कॅलिफोर्नियात मेजर लीगचा एकही संघ नव्हता.

आजच्यासारखे प्लेऑफ नव्हते. १५४ सामन्यांनंतर जो पहिला, त्याला 'पेनंट' मिळणार आणि तो थेट वर्ल्ड सिरीजमध्ये जाणार. दुसरा आला तो घरी. म्हणून एप्रिलमधल्या एखाद्या रटाळ मंगळवारच्या पराभवाची किंमत सप्टेंबरमधल्या पराभवाइतकीच असायची. ही गोष्ट मनात पक्की बसली की एकेका सामन्याकडे बघण्याची नजर बदलते.

शेवटचा गुणतक्ता असा: डॉजर्स ९४ विजय, ६० पराभव, सेंट लुईस कार्डिनल्स ८९ आणि ६५. तक्त्यात 'इतके सामने मागे' असा रकाना असतो. तो काढायची रीत सोपी आहे: विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करून अर्धी करायची. इथे पाच अधिक पाच भागिले दोन, म्हणजे कार्डिनल्स पाच सामने मागे. आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, हेच दोन संघ बरोबरीत सुटले होते. नॅशनल लीगच्या इतिहासातल्या पहिल्या निर्णायक लढतीत कार्डिनल्सनी डॉजर्सना हरवलं आणि पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकली. १९४७ मध्ये या दोघांची गाठ पडली की ही आठवण दोन्हीकडे ताजी होती.

मग चार-पाच आकडे, त्याहून जास्त नकोत

क्रिकेटच्या सवयीने फसायला होतं ते इथेच. बॅटिंग अ‍ॅव्हरेजचा धावांशी काही संबंध नाही. मैदानावरच्या चार कोपऱ्यांना 'बेस' म्हणतात; चौथा म्हणजे 'घर', तिथे पोहोचलं की धाव. चेंडू मारून बेस गाठला ते 'हिट'. हिट भागिले 'अ‍ॅट बॅट', एवढंच ते गणित. रॉबिन्सनचे १९४७ चे १७५ हिट आणि ५९० अ‍ॅट बॅट, म्हणून अ‍ॅव्हरेज .२९७. तीनशेच्या आसपास म्हणजे उत्तम फलंदाज, असं धरून चला.

मात्र प्रत्येक वेळी बॅट घेऊन उभं राहणं हे अ‍ॅट बॅट धरत नाहीत. चार चेंडू मारण्याजोग्या पट्ट्याबाहेर पडून फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळाला ('वॉक'), चेंडू अंगाला लागला, किंवा सहकाऱ्याला पुढे सरकवण्यासाठी त्याने चेंडू मुद्दाम हळूच टोलवून स्वतःची विकेट दिली ('सॅक्रिफाइस'), तर ती खेप हिशेबात येत नाही. त्या वर्षी रॉबिन्सनच्या अंगाला नऊ वेळा चेंडू लागला. अ‍ॅव्हरेजमध्ये त्याचा मागमूस नाही.

पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, दोन आकडे पुरे: विजय-पराभव, आणि दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा. २१ वर्षांच्या राल्फ ब्रँकाने त्या वर्षी २१ सामने जिंकले, १२ हरले. 'सेव्ह'च्या रकान्याकडे मात्र जपून बघा. ह्यू केसीच्या नावापुढे आज १८ सेव्ह दिसतात, पण सेव्ह हा अधिकृत आकडा झाला १९६९ मध्ये. केसीचे सेव्ह नंतर मागे जाऊन मोजले आहेत. १९४७ च्या प्रेक्षकाला तो आकडा माहीतच नव्हता.

संघ स्वतःच्या हाताने लिहून काढा

वहीत मैदानाचं चित्र काढा आणि नावं भरा. बेसबॉलच्या नोंदवहीत प्रत्येक जागेला ठरलेला क्रमांक असतो: पिचर १, कॅचर (फलंदाजामागचा) २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग डावीकडून उजवीकडे मैदानाच्या टोकाचे तिघे ७, ८, ९. हे क्रमांक पाठीवरच्या आकड्यांपेक्षा वेगळे. रॉबिन्सनच्या पाठीवर ४२ होता.

कॅचर ब्रूस एडवर्ड्स. पहिल्या बेसवर रॉबिन्सन, दुसऱ्यावर एडी स्टँकी, तिसऱ्यावर स्पायडर जॉर्गेन्सन, शॉर्टस्टॉप पी वी रीज. बाहेर पीट राइझर, कार्ल फुरिलो, जीन हर्मान्स्की आणि उजवीकडे डिक्सी वॉकर. पुढे रॉबिन्सन दुसऱ्या बेसवरचा खेळाडू म्हणून गाजला, पण या वर्षी ती जागा स्टँकीची होती. मेजर लीगमधलं पहिलंच वर्ष, एवढं दडपण, आणि त्यात जागाही सवयीची नाही. चित्र काढलंत की हे डोळ्यांसमोर येतं. नुसता आकड्यांचा तक्ता वाचून येत नाही.

कुठे वाचायचं

तीन ठिकाणं पुरेशी आहेत. 'बेसबॉल-रेफरन्स' या संकेतस्थळावर संघ आणि वर्ष निवडलं की तारीखवार निकालांची यादी मिळते. 'रेट्रोशीट' हा स्वयंसेवकांनी उभा केलेला, विनामूल्य प्रकल्प. जुन्या सामन्यांच्या नोंदी तिथे सापडतात. आणि 'ब्रुकलिन डेली ईगल' या तिथल्या स्थानिक दैनिकाचे जुने अंक ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत.

इथे एका माणसाचं नाव आवर्जून घेतो. अ‍ॅलन रॉथ हा माँट्रियलचा आकडेवेडा गृहस्थ. डॉजर्सचे कारभारी ब्रँच रिकी यांनी त्याला १९४७ मध्ये नोकरीवर घेतलं. संघाने पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ ठेवण्याची ही पहिलीच वेळ. रॉथ एकेका चेंडूची नोंद हाताने करायचा आणि १९६४ पर्यंत करत राहिला. आज संगणक करतो ते काम या माणसाने पेन्सिलीने केलं. त्याच्याबद्दल मला अपार आदर आहे.

एप्रिल: इथे घाई करू नका

सरावासाठी संघ त्या वर्षी क्यूबात, हवानाला होता. काही खेळाडूंनी रॉबिन्सनविरुद्ध अर्ज करायचं घाटत होतं. मॅनेजर लिओ ड्युरोशरने सगळ्यांना मध्यरात्री उठवून खडसावलं आणि तो विषय तिथेच संपवला. पण ९ एप्रिलला कमिशनर हॅपी चँडलर यांनी याच ड्युरोशरला वर्षभरासाठी निलंबित केलं. कारण मैदानाबाहेरचं त्याचं वागणं. दुसऱ्याच दिवशी, १० एप्रिलला, रॉबिन्सनचा करार जाहीर झाला. पाच दिवसांवर पहिला सामना, आणि संघाला मॅनेजरच नाही! पहिले दोन सामने क्लाइड सुकफोर्थने सांभाळले. मग आला साठी ओलांडलेला बर्ट शॉटन. तो संघाचा पोशाख घालत नसे, साध्या कपड्यांत बाकावर बसायचा. त्यामुळे त्याला मैदानात पाऊल टाकता येत नव्हतं.

१५ एप्रिलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा खेळाडूवार धावफलक, उघडा. बॉस्टन ब्रेव्ह्जविरुद्ध, डॉजर्सच्या एबेट्स फील्ड या मैदानावर, डॉजर्स ५, ब्रेव्ह्ज ३. रॉबिन्सनच्या ओळीत दिसतं: अ‍ॅट बॅट ३, धावा १, हिट ०. पहिल्या दिवशी काही जमलं नाही, असंच कुणालाही वाटेल. आता सातवी इनिंग बघा. डॉजर्स २-३ असे मागे. स्टँकी वॉक मिळवून पहिल्या बेसवर. रॉबिन्सन चेंडू हळूच टोलवतो आणि जीव खाऊन धावतो. ब्रेव्ह्जच्या अर्ल टॉर्गेसनने फेकलेला चेंडू त्याच्या खांद्यावर आदळून लांब जातो. स्टँकी तिसऱ्या बेसवर, रॉबिन्सन दुसऱ्यावर. पुढच्या राइझरचा डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका), दोघेही घरी, आघाडी ४-३. नोंदवहीत रॉबिन्सनच्या नावावर सॅक्रिफाइस आणि समोरच्याच्या नावावर एरर (क्षेत्ररक्षणातली चूक). म्हणून हिट नाही, अ‍ॅट बॅटही नाही, पण सामना वळला तो तिथेच. बॉक्स स्कोअर वाचायला शिकायचं असेल तर या एका नोंदीवर अर्धा तास घालवा.

आठवड्याभराने फिलाडेल्फिया फिलीज ब्रुकलिनला आले. त्यांचा मॅनेजर बेन चॅपमन आणि काही खेळाडू बाकावरून रॉबिन्सनला वर्णावरून अर्वाच्य शिव्या देत होते. २२ एप्रिलचा निकाल १-०, डॉजर्स विजयी, आणि ती एकमेव धाव रॉबिन्सनची. बॉक्स स्कोअरमध्ये शिव्या नोंदवत नाहीत. म्हणून अशा दिवशी वर्तमानपत्र शेजारी हवंच, आणि तेही एकच नको. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाचा वेंडेल स्मिथ त्या वर्षी रॉबिन्सनसोबत फिरत होता. मोठ्या दैनिकांना जे दिसलं नाही किंवा छापावंसं वाटलं नाही, ते त्याच्याकडे मिळतं.

प्रत्येक दंतकथेला तारीख विचारा

या हंगामाभोवती गोष्टी खूप जमल्या आहेत. सगळ्यांत लाडकी म्हणजे सिनसिनाटीला प्रेक्षक शिव्या देत असताना केंटकीच्या पी वी रीजने मैदानात रॉबिन्सनच्या खांद्यावर हात ठेवला, ती. ब्रुकलिनमधल्या कोनी आयलंडच्या बेसबॉल मैदानाबाहेर तिचा पुतळाही आहे. पण १९४७ च्या सिनसिनाटीच्या सामन्यांच्या तत्कालीन बातम्यांत ती सापडत नाही. काहींच्या आठवणीत ती पुढच्या वर्षाची आहे, ठिकाणही वेगळं सांगतात. दोघांची मैत्री मात्र खरी होती, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. वहीत अशी गोष्ट वेगळ्या शाईने लिहा.

दुसरी गोष्ट कार्डिनल्सच्या संपाची. रॉबिन्सनविरुद्ध खेळायला नकार देण्याचा बेत होता आणि लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी तो हाणून पाडला, अशी बातमी स्टॅन्ली वुडवर्डने ९ मे रोजी 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये दिली. बातमी छापली गेली हे पक्कं. बेत प्रत्यक्षात कितपत पुढे गेला होता, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

उन्हाळा: सलग वाचणं जमत नसेल तर दोन-तीन धागे धरा

जून-जुलैत सामने अंगावर येतात. एका दिवशी दोन-दोन सामने, रेल्वेचे लांब प्रवास. इथे मी सरसकट वाचायला सांगत नाही. रॉबिन्सनचा धागा धरा: जूनच्या मध्यापासून ४ जुलैपर्यंत सलग २१ सामन्यांत त्याने किमान एक हिट मारला. राइझरचा धागा धरा: ४ जूनला झेल घ्यायला धावताना तो एबेट्स फील्डच्या काँक्रीटच्या भिंतीवर इतका जोरात आदळला की तो वाचेल की नाही याची धास्ती पडली. आणि २६ ऑगस्ट चुकवू नका. त्या दिवशी डॅन बँकहेड हा मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पिचर मैदानात आला. चेंडू टाकताना त्याला पिट्सबर्गने चोपलं, पण बॅट हातात आल्यावर पहिल्याच खेपेला त्याने होम रन (चारही बेसची फेरी मिळवून देणारा फटका) मारला.

याच सुमाराला एक प्रश्न स्वतःला विचारा: हा संघ जिंकतोय कशाच्या जोरावर? होम रनच्या तक्त्यात डॉजर्सचे सर्वाधिक १२, रीज आणि रॉबिन्सन दोघांचेही. त्याच वर्षी न्यूयॉर्क जाएंट्सचा जॉनी माइझ आणि पिट्सबर्गचा राल्फ काइनर यांचे ५१-५१. जाएंट्सनी संघ म्हणून २२१ होम रनचा विक्रम केला आणि ते चौथे आले. डॉजर्स वॉक मिळवत होते, बेस चोरत होते (पिचर चेंडू टाकत असतानाच पुढचा बेस गाठत होते), धावून दबाव आणत होते. रॉबिन्सनच्या २९ चोऱ्या लीगमध्ये सर्वाधिक, धावा १२५. ड्युरोशर असो वा शॉटन, खेळण्याची ही रीत बदलली नाही, आणि माझ्या मते पेनंट तिनेच मिळवून दिलं.

मैदानांची मापंही हाताशी ठेवा. एबेट्स फील्डची उजवी बाजू अवघ्या २९७ फुटांवर, पण तिथे भिंत आणि वरची जाळी मिळून ३८ फूट उंच. जाएंट्सच्या पोलो ग्राउंड्सवर उजवा कोपरा त्याहून जवळ, तर यांकी स्टेडियमची डावी-मधली बाजू ४५० फुटांच्याही पलीकडे. एकाच फटक्याचं तीन मैदानांवर तीन प्रकारे काय झालं असतं, याचा अंदाज आल्याशिवाय ऑक्टोबर कळत नाही.

ऑक्टोबर: एका धावफलकाची फोड

वर्ल्ड सिरीज दुसऱ्या लीगच्या न्यूयॉर्क यांकीजशी झाली. दूरचित्रवाणीवर दाखवली गेलेली ही पहिली वर्ल्ड सिरीज. यांकीज ४-३ ने जिंकले. सातही सामने वाचा, पण चौथ्यासाठी संध्याकाळ राखून ठेवा. ३ ऑक्टोबर, एबेट्स फील्ड:

यांकीज १०० १०० ००० – २ ८ १
डॉजर्स ००० ०१० ००२ – ३ १ ३

प्रत्येक आकडा म्हणजे त्या इनिंगमधल्या धावा. शेवटचे तीन म्हणजे एकूण धावा, हिट आणि एरर. डॉजर्सची ओळ पुन्हा वाचा. एकच हिट आणि तीन एरर, तरी सामना खिशात!

यांकीजचा पिचर बिल बेव्हन्स. आठ इनिंग आणि दोन बाद होईपर्यंत त्याने एकही हिट दिला नव्हता; वर्ल्ड सिरीजमध्ये तोवर असा संपूर्ण सामना कुणीच टाकला नव्हता. पण त्याचा चेंडू पट्ट्यात राहत नव्हता. एकूण दहा वॉक दिले त्याने. पाचव्या इनिंगची धाव अशीच आली: दोन वॉक, एक सॅक्रिफाइस, रीजचा जमिनीवरून गेलेला फटका. हिट शून्य.

नवव्या इनिंगच्या पहिल्या अर्ध्यात यांकीजचे तिन्ही बेस भरलेले, एक बाद. केसी आला, एकच चेंडू टाकला, टॉमी हेनरिकने तो सरळ त्याच्याकडेच मारला आणि दोघे बाद. आता डॉजर्सची शेवटची संधी. एडवर्ड्स बाद. फुरिलोला वॉक. जॉर्गेन्सन बाद. फुरिलोच्या जागी धावायला अल जिओनफ्रिडो. त्याने दुसरा बेस चोरला. बॅट घेऊन पायाची दुखापत सोसत उभा राहिला राइझर. यांकीजचा मॅनेजर बकी हॅरिसने त्याला जाणूनबुजून वॉक द्यायला लावला. बरोबरीची धाव दुसऱ्या बेसवर असताना विजयाची धाव स्वतःहून पहिल्या बेसवर आणून ठेवली! या निर्णयावर तेव्हापासून टीका होते आणि मला ती रास्त वाटते. राइझरच्या जागी धावायला एडी मिक्सिस. स्टँकीऐवजी फलंदाजीला कुकी लॅव्हाजेटो. पहिला चेंडू हुकला. दुसरा त्याने उजव्या भिंतीवर मारला, दोघेही घरी आले, ३-२. भिंतीची उंची आधीच लिहून ठेवली असेल तर हेनरिकला त्या उसळीचा अंदाज घेणं का कठीण गेलं, ते इथे उलगडतं. आणि विजय नोंदला गेला केसीच्या नावावर, एका चेंडूसाठी.

सहाव्या सामन्यात याच जिओनफ्रिडोने जो डिमॅजिओचा फटका यांकी स्टेडियमच्या डावीकडे, ४१५ फुटांच्या खुणेपाशी पकडला. नोंदीत तो फक्त 'बाद, ७' असा दिसेल. वर काढलेलं मैदानाचं चित्र तेव्हा उघडा. सातवा सामना यांकीजने ५-२ असा जिंकला, जो पेजने शेवटच्या पाच इनिंग टाकून. बेव्हन्स, लॅव्हाजेटो आणि जिओनफ्रिडो हे तिघेही या सिरीजनंतर मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच खेळले नाहीत.

यानंतर कुठला हंगाम

लगेच दुसऱ्या संघाकडे वळू नका. डॉजर्सचाच १९५५ घ्या: रीज, रॉबिन्सन आणि फुरिलो तेव्हाही संघात आहेत, समोर पुन्हा यांकीज आहेत, आणि ब्रुकलिनला आपलं पहिलं आणि एकमेव विजेतेपद त्याच वर्षी मिळालं. १९५७ नंतर संघ लॉस एंजेलिसला गेला, १९६० मध्ये एबेट्स फील्ड पाडलं. दोन्ही वर्षांच्या संघांची चित्रं वहीच्या समोरासमोरच्या पानांवर काढा. आठ वर्षांत कोण राहिलं, कोण कुठल्या जागेवर सरकलं, हे शोधण्यात एक रविवार सहज जातो.